कॅमचा कोन

पनवेलच्या गॅरेजात मी हात काळे करायला लागलो ते पद्मिनी आणि अँबेसिडरवर. टॅक्सीवाला आला की कार्ब्युरेटरला बारीक जेट. गोवा रोडला लागणारा कुटुंबवाला आला की जरा मोठा. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग लावायचं, पण त्याआधी गिऱ्हाइकाला विचारून घ्यायचं: ॲव्हरेज हवं की पिकअप? दोन्ही एकदम मिळत नाही, हे पटवून देणं हाही कामाचाच भाग होता.

आता काही इंजिनं ही निवड चालता चालता स्वतःच करतात. कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलं की ते दिसतं. पोरगा शेजारी स्कॅनर धरून बसतो. सपाट रस्त्यावर गाडी एका चालीत असेपर्यंत इनटेक कॅमचा कोन मागे सरकलेला असतो. खोपोलीनंतर बोरघाट सुरू झाला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की आकडा झटकन पुढे येतो. कानाला फारसं काही कळत नाही. आत मात्र इंजिनाचं चक्र बदललेलं असतं.

नेहमीचं चक्र ओटोचं. त्याच्या 1876 च्या इंजिनात पिस्टन जितकं दाबतो, जवळपास तितकंच प्रसरण पदरात पडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळलेल्या वायूत दम शिल्लक असतो, तो सायलेन्सरमधून फुकट जातो. ब्रिटिश इंजिनिअर जेम्स ॲटकिन्सनने 1887 च्या इंजिनात दांड्यांची अशी जुळणी केली, की प्रसरणाचा स्ट्रोक दाबण्याच्या स्ट्रोकपेक्षा लांब पडावा. चिपाड पुन्हा चरकात घालून उरलेला रस काढावा, तसं. पण त्या दांड्या गुंतागुंतीच्या होत्या.

आजची युक्ती सोपी आहे. कॅम मागे सरकवून, पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. आत आलेल्या हवेतली काही मॅनिफोल्डमध्ये परत जाते, मग व्हॉल्व्ह मिटतो. दाबायला हवा कमी, प्रसरणाला मात्र पूर्ण स्ट्रोक. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. एरवी हळू चालताना थ्रॉटलची पाकळी जवळपास बंद असते आणि त्या फटीतून हवा ओढताना इंजिनाची ताकद वाया जाते. इथे किती हवा राहायची ते व्हॉल्व्हच ठरवतो, त्यामुळे पाकळी बरीच मोकळी राहू शकते.

हवा कमी म्हणजे ताकदही कमी. 2022 साली आलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये ही उणीव विजेची मोटर भरून काढते. लेक्सस आरसी एफसारख्या 2014 च्या, पाच लिटरच्या व्ही-आठ गाडीला अशी मोटर नाही. ती निवांत चालताना ॲटकिन्सन पद्धतीने चालते. पाय दाबला, की व्हॉल्व्ह लवकर मिटून हवा पूर्ण कोंडली जाते आणि ती ओटोवर येते. तिचा इनटेक कॅम सरकवायला छोटी विजेची मोटर आहे.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत मात्र हे काम इंजिन ऑइलचा दाब करतो. सोलेनॉइड ऑइलची वाट उघडतो आणि कॅमच्या टोकाचा फेजर फिरतो. ती वाट आणि तिच्यातली जाळी अगदी बारीक. जुन्या समजुतीने कुणी घट्ट ऑइल ओततो, कुणी बदलायचं टाळतो. मग फेजर सुस्तावतो, पिकअप पडतो, दिवा लागतो. गिऱ्हाईक इंजिन उतरवायच्या तयारीने आलेलं असतं. मी आधी डिपस्टिक काढतो.

हल्ली तरुण पोरं इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रीमॅप मागायला येतात. म्हणतात, ‘काका, ते पेट्रोल वाचवायचं काढून टाका, गाडी मोकळी होईल.’ त्यांना मी स्कॅनरवरची नोंद दाखवतो. पाय पूर्ण दाबला त्या क्षणी कॅम आधीच पुढे आलेला असतो. वाचवणारी पद्धत इंजिनाने स्वतःहून सोडलेली असते. ती कायमची काढली, तर वरच्या टोकाला ताकद वाढत नाही, फक्त नेहमीच्या वेगाला पेट्रोल जास्त जातं. तरीही काही जण हट्ट धरतात. त्यांना मी चहा पाजतो आणि गाडी तशीच परत देतो.