माईकखालचं नाटक

हिवरखेडसारख्या गावात निर्माता आणि दिग्दर्शक एकाच सदऱ्यात राहतात. दिग्दर्शकाला प्रवेशाच्या शेवटी हळूहळू अंधार हवा असतो. निर्माता विचारतो, डिमरचं भाडं कोण भरणार? अकोला-खंडवा मीटर गेज बंद झाल्यापासून सामानाला टेम्पो लागतो, त्याचे पैसे वेगळेच. भांडणात बहुधा निर्माता जिंकतो. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

गणपतीच्या मांडवात वरून तीन माईक लटकतात आणि नाटक त्यांच्याखाली घडतं. नवखा नट वाक्य आलं की माईककडे सरकतो, मान वर करतो. बायकोशी भांडणारा नवरा मग छताशी भांडताना दिसतो. म्हणून मी आधी माईक टांगतो, त्यानंतर खाट आणि दार कुठे ते ठरवतो. बोलायचं ते माईकखाली, गप्प राहायचं ते दोन माईकच्या मधल्या जागेत. नाटकातली चांगली भांडणं मला त्या मधल्या जागेतच सापडली आहेत.

तालमीला माणसं जमवणं हे खरं दिग्दर्शन. "भाऊ, आज नाई जमत, रातची लाईन हाय," म्हणत नायक ओलिताला जातो. मग त्याची वाक्यं मीच वाचतो.

अशा रात्री नागपूरचे दारव्हेकर मास्तर आठवतात. रंजन कला मंदिर चालवणारे, 'वऱ्हाडी माणसं' लिहिणारे. 1967च्या 'कट्यार काळजात घुसली'चं लेखन-दिग्दर्शन त्यांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. नाटकातले गायक खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, म्हणजे आपल्या मूर्तिजापुरात जन्मलेले. लोकांना त्यातली गाणी आठवतात. मला वसंतरावांची निवड दिसते. खाँसाहेबांचा ताठा संवादांच्या आधी गळ्यातून ऐकू यायला हवा, आणि तो गळा वसंतरावांकडे होता. पण गायक रोज रंगमंचावर गाणार, घसा बसला की प्रयोग बसला. पणशीकरांच्या जागी मी असतो तर झोप उडाली असती.

निवडीचा प्रश्न आमच्याकडेही आला. नाटकात सावकार हवा होता. खणखणीत आवाजाचा नट हाताशी होता, तरी मी अडत दुकानातला दिवाणजी घेतला. पाठांतर शून्य. पण तो चष्म्यावरून पाहतो तेव्हा समोरच्याला आपली उधारी आठवते. लेखकाला विचारून त्याची वाक्यं निम्मी कापली. लेखक कुरकुरला, मानधन मात्र पूर्ण घेतलं.