पाय पाहून डाव

डाव आधीं आंखून त्यांत गडी बसवावे, कीं गड्याचे पाय पाहून डाव आंखावा? वडिवळ्यास भातकापणीनंतर रित्या झालेल्या खाचरांत मुलांचा खो-खो पाहतांना मी हटकून दुसरा पक्ष घेतों. तेथें एक लांब टांगांचा मुलगा आहे, वाऱ्यासारखा धांवतो.

"गुरुजी, खांबापर्यंत जाऊं का?"

"नको. लगेच खो दे."

मला हा शुद्ध अपव्यय वाटतो. गुरुजींचें सूत्र निराधार नाहीं, हें खरें. पळणारा बसलेल्या गड्यांच्या ओळींतून हवा तेव्हां पलीकडे निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र ती ओळ ओलांडतां येत नाहीं, कीं खांब गांठल्यावांचून मागें फिरतां येत नाहीं. मंद पायांच्या संघानें झटपट खो देऊनच त्याला कोंडावें. पण ज्याच्या पायांत वेग आहे, त्यानें पळणाऱ्याला खांबाकडे रेटीत न्यावें, तेथें सूर मारावा. मध्येंच तो निसटलाच, तर खो आहेच कीं!

अमेरिकेंतील फुटबॉलांत चेंडू हातीं घेऊन धांवतात. टेक्सास विद्यापीठाच्या संघानें १९६८ सालीं असा व्यूह रचला, कीं चेंडू स्वतः न्यावा कीं साथीदारास द्यावा, हें सूत्रधारानें समोरच्याची चाल पाहून धांवतांधांवतांच ठरवावें. पुढें त्या संघानें सलग तीस सामने जिंकले.

तालुक्याचे सामने तोंडावर आले आहेत. तो मुलगा अजून दोन पावलांवर थांबून खो देतो, आणि खांबाकडे पाहत खालीं बसतो.