नकाशात नसलेला पहाड

भूगोल शिकवताना वर्गाची खिडकी बंद ठेवावी, असा आपल्या शाळांचा एखादा अलिखित दंडक असावा. नाहीतर ॲमेझॉनच्या खोऱ्यात कोणकोणती झाडे उगवतात हे घडाघडा सांगणाऱ्या माझ्या नववीच्या वर्गाला शाळेमागचा नाला कुठे जातो हे ठाऊक नसावे, याला दुसरे कारण मला तरी दिसत नाही. ‘‘कुठे म्हणजे? पुढे जाते,’’ असे एकाने सांगितले. उत्तर चुकीचे म्हणता येईना! त्याच दिवशी मी ठरवले की यंदाची भूगोलाची सहल लांब न्यायची नाही. नाल्याच्या काठाकाठाने इरईपर्यंत चालत जायचे.

पोरे हिरमुसली. सहल म्हणजे निदान माणिकगड तरी हवा, आणि सर आपले बेशरमच्या झुडपांत नेणार! आयांची काळजी मात्र निराळी होती. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी एक बाई शाळेत येऊन म्हणाल्या, ‘‘सर, नेता तर न्या, पण तिथं तो असते ना जी.’’

‘तो’ म्हणजे कोण, हे ऊर्जानगरात विचारावे लागत नाही. ही वसाहतच विजेसाठी जन्माला आली. १९८३ साली औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एकीकडे उंच चिमण्या, दुसरीकडे दुर्गापूरची कोळशाची खाण, उत्तरेला ताडोबाचे रान. आणि या सगळ्यांच्या सांदीकोपऱ्यांत वेडी बाभूळ नि घाणेरी अशी माजलेली की दहा पावलांवरचे दिसू नये. त्यात रानडुकरे आहेत, जवळ पाणी आहे, दिवसभर पडून राहायला सावली आहे. वाघाने आणखी काय मागावे? २०२२ च्या फेब्रुवारीत लागोपाठच्या दोन दिवसांत केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने आणि दुर्गापुरात एका शाळकरी वयाच्या मुलाला बिबट्याने नेले. त्या बाईंची सही मी आग्रह करून घेतली नाही. दोन वनरक्षक सोबत असतील, ऊन चढल्यावर निघू आणि दुपारी परतू, एवढे सांगितले. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहून सही केली.

डिसेंबरातली छान थंडी होती. नाल्याला पाणी पाहून मुलांना नवल वाटले, कारण आमच्याकडचे लहान नाले एव्हाना आटून गेलेले असतात. खाणीत झिरपलेले पाणी सारखे उपसून बाहेर सोडावे लागते, त्यातले काही अशा नाल्यांतून वाहते, असे मी सांगताच एकीने वहीत लिहिता लिहिता विचारले, ‘‘म्हणजे याचा उगम पंपात?’’ मी म्हटले, तसे लिही. मग आम्ही दहा मीटर अंतर दोरीने मोजले, पळसाचे पान पाण्यात सोडले आणि घड्याळ लावून पाण्याचा वेग काढला. पान पुढे निघून गेले. ते आता इरईत जाईल. चंद्रपूरजवळ झरपट येऊन मिळेल. मग वर्धा, वैनगंगेच्या भेटीनंतर प्राणहिता, सिरोंचापाशी गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. एवढा प्रवास ऐकून ‘पुढे जाते’ म्हणणारा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला.

वळणावर तो प्रश्न आला. ‘‘सर, समोरचा पहाड या नकाशात काऊन नाही?’’ माझ्या हातातला नकाशा जुना होता. समोरचा पहाड हा खाणीतून उपसलेल्या मातीदगडांचा ढीग. तो तुमच्याहूनही लहान असेल, असे मी म्हणालो. पहाड आपल्याहून लहान, ही कल्पना मुलांना फार आवडली. खणताना वरची माती आधी निघते नि आधी पडते, म्हणून अशा ढिगात बहुधा वरचे खाली नि खालचे वर झालेले असते. आमच्या पुस्तकातले थरांचे चित्र उलटे धरावे तसे. आणि त्याखालचा कोळसा? तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडोऱ्याचा. त्या काळच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे इथे सापडतात, तसेच आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकावरही सापडतात. ही सारी भूमी एके काळी एक होती. तिला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आपल्या गोंडांच्या नावावरून. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. वर्गातली दोन गोंड मुले एकमेकांकडे पाहून हसली.

त्यांच्यातलाच एक वाळूत वाकून उभा राहिला. ठसा ताजा होता. वनरक्षकाने सर्वांना मागे थांबवून दाखवले : नखे उमटलेली नाहीत, म्हणजे कुत्रा नव्हे, आकारावरून बिबट्याही नव्हे. रात्रीचा असावा. कोणी किंचाळले नाही. तो मुलगा तेवढा हळूच म्हणाला, ‘‘माझे बाबा याच वाटेनं रात्रपाळीला जातात.’’

पुढे जाण्याचे मी रद्द केले. इरई काही त्या दिवशी पाहून झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा काढायला घेतला. नाला, पंप, पहाड, बाभळीचे रान असे एकेक भरत गेलो. ठसा कुठल्या चिन्हाने दाखवावा यावर वाद झाला. सूचीत तसे चिन्हच नव्हते. अखेर त्या मुलाने लाल पेन्सिलीने लहानसे पाऊल काढले आणि त्याची एक नक्कल घरी नेली.

ती परत आली तेव्हा तिच्यावर निळ्या शाईने बरेच काही लिहिलेले होते. आमची पायवाट दोन ठिकाणी खोडून सुधारली होती. एका वळणापाशी ‘डुकरं इथून निघतात’ अशी नोंद होती. त्याच्या अलीकडे एक फुली होती नि शेजारी लिहिले होते : ‘इथे सगळे थांबतो. चौघं जमल्याशिवाय पुढे जात नाही.’ आम्ही तो नकाशा तसाच, निळ्या शाईसकट, पुन्हा मोठ्या कागदावर उतरवायला बसलो.