पाचारणाची मुदत

वसईच्या एखाद्या धर्मग्रामात अमक्याची मुलगी सिस्टर व्हायला निघाली अशी वार्ता पसरली, की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात तिच्याविषयी जे बोलले जाते त्यात श्रद्धाळूंना आकाशवाणी ऐकू येते आणि संशयखोरांना मोडलेले लग्न दिसते. परंतु जिच्याविषयी हे सारे चाललेले असते त्या मुलीने बहुधा ना आकाशवाणी ऐकलेली असते, ना तिचे लग्न मोडलेले असते. तिच्यापाशी असते ती केवळ एक मंद, चिवट, काही केल्या न जाणारी ओढ. आणि ही ओढ देवाची की आपल्याच मनाची, याचा निवाडा अद्यापि व्हावयाचा असतो. व्रतग्रहणाच्या सोहळ्याचे छायाचित्र घराच्या भिंतीवर सन्मानाने लागते; त्याच्या आधीच्या वर्षांची मात्र कोणी दखल घेत नाही, आणि माझ्या मते जे काही घडावयाचे ते त्या वर्षांतच घडते.

ही ओढ पारखण्याची रीत ज्याने घालून दिली तो लोयोलाचा इग्नेशियस मूळचा तलवारबहाद्दर. 1521 साली पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय जायबंदी झाला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शौर्यकथा मागितल्या असता त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचण्याची पाळी त्याच्यावर आली. कधी तो एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी गाजवावयाच्या पराक्रमांची स्वप्ने रंगवी, कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांच्यासारखे आपणही करावे असे मनोराज्य करी. दोन्ही स्वप्ने चालू असेतो सारखीच गोड लागत; परंतु ती ओसरल्यावर पहिल्याच्या मागे मन कोरडे पडे आणि दुसऱ्याच्या मागे प्रसन्नता रेंगाळे. यात चमत्कार काही नाही. आपल्याच मनाचा रोजनामा प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या एका रुग्णाचे हे निरीक्षण आहे. तथापि आजही मठात येणाऱ्या मुलीची पारख होते ती मुख्यतः याच कसोटीवर, म्हणजे तिला काय ऐकू आले यापेक्षा तिच्यामागे काय उरले यावर. त्याच इग्नेशियसने आणखी एक नियम सांगितला, आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: मन उदास आणि अंधारलेले असता पूर्वी केलेला निश्चय बदलू नये.

देव मनुष्याला हाक मारतो यावर जिची अढळ श्रद्धा, ती ख्रिस्तसभा प्रत्यक्षात कोणी हाकेचा दावा करीत आले की एखाद्या जुन्या कचेरीतील चिकित्सक कारकुनासारखी वागते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. 1983 च्या धर्मकायद्याप्रमाणे सतरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून नवशिष्या होता येत नाही. बाप्तिस्म्याचे व दृढीकरणाचे दाखले आणि विवाहबंधन नसल्याचा पुरावा हजर करावा लागतो. प्रकृतीची, स्वभावाची आणि मनाच्या परिपक्वतेची तपासणी होते. डोक्यावर न फिटणारे कर्ज असेल तर अर्ज नामंजूर होतो. पुढे नवशिष्यपणाचे किमान बारा महिने, त्यानंतर तात्पुरत्या व्रतांची तीन ते सहा वर्षांची मुदत, क्वचित ती नऊ वर्षांपर्यंत वाढविलेली, आणि मग कुठे आजन्म व्रते. त्यांच्यापूर्वी मुलकी कायद्यालाही ग्राह्य होईल असे मृत्युपत्र करून ठेवावे लागते. या सगळ्या कागदपत्रांना हसणारे हसोत, मला त्यांत मोठा आदर दिसतो. मुलीला बळजबरीने मठात घालणाऱ्यास ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बहिष्कृत ठरविले आणि व्रत देण्यापूर्वी बिशपने तिची खरी इच्छा तपासावी असे फर्माविले, ते काही उगाच नव्हे. हुंड्याचा खर्च वाचावा म्हणून मुलींना मठात लोटणारी घराणी त्या काळी युरोपात होती. जिथे नकार देण्याची मोकळीक नाही तिथे होकाराला किंमत काय?

आणि नकार दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. फ्रान्समधील लुई मार्टिन नावाचा तरुण आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठात प्रवेश मागावयास गेला, तेव्हा लॅटिन येत नाही म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. झेली गेरँ नावाच्या तरुणीलाही धर्मभगिनींच्या एका संस्थेच्या प्रमुखांनी नाकारले. 1858 साली या दोन नाकारलेल्या जिवांचा विवाह झाला. त्यांच्या ज्या पाच मुली जगल्या त्या पाचही धर्मभगिनी झाल्या, आणि 2015 मध्ये पतिपत्नी दोघांनाही संतपद मिळाले. सर्वांत धाकटी तेरेज इतकी निःशंक होती, की नोव्हेंबर 1887 मध्ये रोमच्या यात्रेत तिने पोप लिओ तेरावे यांच्या पायांशी बसून पंधराव्या वर्षीच कार्मेल मठात जाण्याची परवानगी मागितली, आणि पुढल्या एप्रिलात ती मठात दाखल झालीही. ती जगाला ठाऊक आहे. माझे मन मात्र अधिक रेंगाळते ते तिच्या लेओनी या बहिणीपाशी. आजारी, हट्टी, शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी 1886 मध्ये क्लारा संताच्या मठात गेली आणि काही आठवड्यांतच परतली. मग काँ शहरातील व्हिजिटेशन मठात गेली आणि परतली. पुन्हा त्याच मठात गेली, दोनेक वर्षे राहिली आणि पुन्हा परतली. धाकटी बहीण पंधराव्या वर्षी जिथे पोहोचली तिथे पोहोचावयास हिला पस्तिशी गाठावी लागली. 1899 मध्ये चौथ्यांदा ती आत गेली ती 1941 साली मरेपर्यंत तिथेच राहिली. या दोघींपैकी कोणा एकीला हाक अधिक स्पष्ट ऐकू आली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया हाही असाच ताटकळलेला. जपानात येशूसंघीयांच्या हाताखाली वर्षानुवर्षे सेवा करूनही त्यांच्या संघात प्रवेश मिळेना, तेव्हा तो व्यापारात शिरला, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा साधा बंधू झाला. 1597 मध्ये नागासाकीला त्याने हौतात्म्य पत्करले.

केरळच्या संत अल्फोन्सा यांनी लग्न टळावे म्हणून तुसाच्या धगधगत्या खड्ड्यात पाय घातला, ही कथा मुलींना आदर्श म्हणून सांगितली जाते, ते मला मुळीच रुचत नाही. त्या कथेतून मुलींनी नव्हे, लग्नाचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी काही शिकावे.

व्रते घेतली म्हणजे निवाडा कायमचा झाला, असेही नाही. लोरेटोच्या संस्थेत सुमारे अठरा वर्षे घालविलेल्या मदर तेरेसांना 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या वाटेवर आगगाडीत दुसरी हाक आली. तीही रोमच्या मंजुरीसाठी त्यांना 1948 पर्यंत थोपवून धरावी लागली, आणि 1950 मध्ये नवी संस्था उभी राहिल्यावर देवाच्या मौनाचा अंधार त्यांनी अनेक वर्षे सोसला, हे त्यांच्या पत्रांवरून मागाहून कळले.

नवशिष्येला केव्हाही संस्था सोडून जाता येते, आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की संबंधित भगिनी सर्वस्वी मोकळी असते, असे धर्मकायदा निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. पटांगणातला कायदा निराळा आहे. मठातून परतलेल्या मुलीकडे तिथे सहानुभूतीच्या बुरख्याआडून असे पाहिले जाते, की पुढच्या मुलीची जाऊन पाहण्याचीच छाती होऊ नये. आणि जी परतावयास भिते ती केवळ भीतीपोटी आत राहिली, तर तिचे आणि संस्थेचेही अकल्याण होते. म्हणून आईबापांना माझी एवढीच विनंती आहे: मुलीला निरोप देताना पेढे वाटले असतील तर ती परत आली त्या दिवशीही तिला त्याच मानाने घरात घ्या, आणि ती का आली हे चार लोकांसमोर विचारू नका.