बाईकवरचे स्टिकर आणि घरचा स्पॉन्सर



लेकीच्या मोटोक्रॉस बाईकचा फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "अगं, भीती नाही वाटत का?" वाटते. दर वेळी वाटते. दुसरा, "एवढे स्टिकर म्हणजे सगळं स्पॉन्सर्डच असेल ना? तुमचं काय, फुकटात चाललंय!" या दुसऱ्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. शिवाय गेल्या वर्षभरात एडिसन-इझलिनमधल्याच तीन-चार घरांतून विचारणा झाली. मूल डर्ट बाईकवर बसलंय, शर्यती सुरू झाल्यात आणि आता म्हणतंय, "मला स्पॉन्सर मिळवायचाय." हे लिहिणं मुख्यतः त्या आईबाबांसाठी.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटोक्रॉस म्हणजे उड्या आणि तीव्र वळणं असलेल्या मातीच्या ट्रॅकवरची शर्यत. एनड्युरो आणि हेअर स्क्रँबल म्हणजे जंगलातल्या वाटांवरून. न्यू जर्सीला दोन्हींची जुनी परंपरा आहे. आपल्यापासून फार लांब नसलेलं इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क १९६५ साली सुरू झालं. तिथली ड्रॅग रेसिंग २०१८ मध्ये थांबली, पण या भागातल्या कितीतरी मुलांनी मोटोक्रॉसची बाराखडी तिथेच गिरवली. दक्षिणेला पाइन बॅरन्सच्या भुसभुशीत वाळूत ईस्ट कोस्ट एनड्युरो असोसिएशनच्या क्लबांच्या शर्यती होतात. आणि हौशी मोटोक्रॉसची पंढरी म्हणजे टेनेसीतलं हरिकेन मिल्स. गायिका लोरेटा लिन यांच्या रँचवर १९८२ पासून उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा भरते. आधी एरिया, मग रीजनल पात्रता फेरी, आणि शेवटी प्रत्येक क्लासच्या गेटवर फक्त ४२ जण. आमची लेक अजून तिथे पोचलेली नाही. रीजनलपर्यंत गेलीय. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी चॅम्पियनची आई बोलतेय असं वाटायला नको.

तर स्पॉन्सरशिप. या शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली आणि सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे सूट. गॉगल, ग्लोव्ह्ज, तेल, ग्राफिक्स बनवणाऱ्या कंपन्या मुलांकडून अर्ज मागवतात आणि "तुमची निवड झाली" म्हणून कळवतात. पोरं घरभर नाचतात. पण चाळीस टक्के सूट म्हणजे साठ टक्के आपल्या खिशातून, आणि वर त्यांची जाहिरात आपल्या बाईकवर. जी वस्तू तुम्ही एरवीही घेणार होतात तिच्यावर सूट मिळाली तर उत्तम. सूट आहे म्हणून वस्तू घ्यायला लागलात, तर स्पॉन्सर तुम्ही आहात, कंपनी नव्हे.

दुसरी, कंटिन्जन्सी. बाईक कंपन्या ठरावीक शर्यतींत, ठरावीक मॉडेलवर, ठरावीक क्रमांकात आलेल्या रायडरला बक्षीस देतात. ते बऱ्याचदा डीलरकडे वापरायच्या क्रेडिटच्या रूपात असतं. यात गोम अशी की शर्यतीआधी नाव नोंदवावं लागतं आणि नियम बारकाईने वाचावे लागतात. बाईक कोणत्या वर्षाची, क्लासमध्ये किमान किती रायडर, कोणता स्टिकर कुठे लावायचा, सगळं लिहिलेलं असतं. हे वाचायचं काम मुलाकडेच द्या. स्वतःच्या पैशाचा प्रश्न असला की पंधरा वर्षांचं मूल किती लक्ष देऊन वाचतं ते बघा!

तिसरी, स्थानिक मदत. जवळचा बाईक डीलर, सस्पेन्शनवाला, टायरचं दुकान, ओळखीचा व्यावसायिक. कोणी पार्ट्स मूळ किमतीत देतो, कोणी महिन्याची एन्ट्री फी भरतो. तळागाळातल्या रायडरला खरा आधार मिळतो तो इथे.

चौथी म्हणजे कंपनीचा थेट हात. कावासाकीची टीम ग्रीन हे त्यातलं जुनं नाव, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हौशी मुलांना हाताशी धरणारं. बाईक, पार्ट्स, शर्यतीच्या ठिकाणी मेकॅनिकची मदत असं काही तिथे मिळू शकतं, पण ते अगदी मूठभरांना. पगार वगैरे त्याच्याही पुढची पायरी. भारतात बघा, सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तो स्वतः प्रायोजक गोळा करत तिथवर पोचला होता. हीरोचा संघ त्यानंतर उभा राहिला आणि २०१७ च्या डकारमध्ये उतरला. आता पुण्यातून सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमध्ये २०२४ पासून रायडरना संघ मिळतात. म्हणजे वाट रुंद होतेय, पण पहिली कित्येक वर्षं रायडरलाच दारोदार जावं लागतं, तिकडेही आणि इकडेही.

आता खरी गोष्ट. स्पॉन्सर वेगाला पैसे देतो असं मुलांना वाटतं. पण विचार करा, आपल्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत जाहिरात देणारा दुकानदार आरती किती सुरात झाली म्हणून पैसे देतो का? तिथे येणारी माणसं त्याची गिऱ्हाइकं होतील, आणि ज्यांच्या हातात पैसे दिले ते भरवशाचे आहेत, म्हणून देतो. इथेही तेच. डीलर बघतो, ही मुलगी पिटमध्ये कशी वागते? हरल्यावर हेल्मेट आपटते का? शेजारच्या लहान पोराला चेन लावायला मदत करते का? सांगितलेला निरोप वेळेवर देते का? पाचवी आलेली पण नीट वागणारी मुलगी दुकानाला कितीतरी वेळा जास्त उपयोगाची ठरते.

म्हणून आमच्या घरी नियम झाला की अर्ज लेकीनेच लिहायचा. एक पान. नाव, वय, क्लास, गेल्या मोसमातले निकाल (खरे, वाईट आलेलेही), पुढच्या मोसमाचं वेळापत्रक, नेमकं काय हवंय, आणि त्याच्या बदल्यात ती काय करेल. शेवटचे दोन मुद्दे बहुतेक मुलं गाळतात. "मला सपोर्ट करा" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. "मोसमात दोन मागचे टायर तुमच्या खरेदीच्या भावात मिळाले तर मी ट्रेलरवर तुमचं नाव लावीन, दर शर्यतीनंतर फोटो पाठवीन, आणि शनिवारी दुकानाच्या कार्यक्रमाला बाईक घेऊन येईन", हे कळतं.

तिने अकरा ठिकाणी पत्रं दिली. आठांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं. एकाने, तेही ओक ट्री रोडजवळच्या एका देशी दुकानदाराने, हो म्हटलं. त्याला मोटोक्रॉसमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. म्हणाला, "बेटा, तू स्वतः आलीस म्हणून देतो. बाबा आले असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं."

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितीये? लाज. आपल्या मुलीने दुकानात जाऊन पैसे मागितले! आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं. कोणापुढे हात पसरू नये, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं असतं. चांगले मिळवते आहोत, मग पोरीला मागायला का लावायचं? हा प्रश्न तुमच्याही घरात येणार, म्हणून मला जे उत्तर सापडलं ते सांगते.

माझं माहेर कराडचं. जवळच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना मदत केली. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी मात्र पैसे गोळा करत फिरावं लागलं. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि ते पैसे खर्डेकरांचं घर सोडवायला दिले.

मला यात भीक कुठेच दिसत नाही. दिसतो तो दिलेला आणि पाळलेला शब्द. मागणं आणि हात पसरणं यातला फरक मला तिथे कळला. जो घेतल्याचा हिशेब देतो, त्याने मागायला हरकत नाही. लेकीला मी एवढंच सांगितलं, "घे, पण मोसम संपल्यावर प्रत्येकाला कागद गेला पाहिजे, काय दिलंत आणि मी त्याचं काय केलं."

त्या शब्दाची परीक्षा गेल्या वसंतात झाली. सरावात ती पडली, डोक्याला मार लागला. हेल्मेटने काम केलं, पण कन्कशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बरी झाल्याशिवाय बाईक नाही. पात्रता फेरी तीन आठवड्यांवर होती. तिला सगळ्यात जास्त भीती दुखण्याची नव्हती. ती म्हणत होती, "आई, स्पॉन्सर सोडून जातील. मी प्रॉमिस केलंय." आणि मग हळूच, "मला आता काही दुखत नाहीये." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकणार आहात. त्या वेळी खोटं कोण बोलतंय, मूल की मोसमाचं वेळापत्रक, हे ओळखायचं काम आपलं आहे.

तिचे बाबा म्हणाले, "सगळ्यांना खरं लिही. जे जातील ते जाऊ देत." तिने लिहिलं. पडले, डोक्याला लागलंय, डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय उतरणार नाही, त्या काळात दुकानात शनिवारी मदतीला येऊ शकेन, उरलेले पैसे परत हवे असतील तर सांगा. चार पत्रं गेली. गॉगलच्या कंपनीकडून काहीच आलं नाही. डीलरने लिहिलं, नीट बरी हो, टायर कुठे जात नाहीत. आणि आमचा देशी दुकानदार डबा घेऊन घरी आला. त्या मोसमात लेक पात्रता फेरीला उतरली नाही. पुढच्या वर्षी त्याच दोघांनी, न मागता, पुन्हा मदत केली.

म्हणून माझं मत असं झालंय की मोठा स्पॉन्सर नेहमी घरच राहायला हवा. तुमचे पैसे जास्त असतात म्हणून नव्हे. "आज नको उतरू" असं निर्धास्तपणे म्हणू शकणारा स्पॉन्सर फक्त घरात असतो. बाहेरचा पैसा इतका वाढला की ते म्हणायची आपलीच जीभ अडखळते, तर तो पैसा महाग पडला.

आता थोडं कोरडं, पण महत्त्वाचं.

मूल एच-४ वर असेल तर त्याला इथे काम करून कमावण्याची परवानगी नसते. सूट घेणं वेगळं, आणि जाहिरात करण्याच्या बदल्यात रोख पैसे घेणं वेगळं. एफ-१ वरच्या मुलांसाठीही नियम कडक आहेत. रक्कम लहान असली तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एका मोसमाच्या स्टिकरसाठी ग्रीन कार्डची रांग धोक्यात घालू नका.

बक्षीस, रोख किंवा वस्तू, करपात्र उत्पन्न ठरू शकतं. नोंद ठेवा आणि टॅक्सच्या माणसाला दाखवा.

करारावर सही पालकांची असते. "फक्त आमचाच माल वापरायचा" हे कलम आहे का ते बघा. हेल्मेट, बूट, नी ब्रेस यांच्या बाबतीत जे नीट बसतं तेच घालायचं, स्पॉन्सर कोणीही असो.

आरोग्य विम्याचा डिडक्टिबल किती आणि मोटरस्पोर्टमधली दुखापत त्यात धरली जाते का, हे मोसमाआधी लेखी विचारून घ्या.

आणि या खेळावर कॉलेजचं गणित बांधू नका. कॉलेजच्या अर्जात निबंध लिहायला मात्र भरपूर मिळेल!

लेक आता सतरा वर्षांची आहे. पुढे शर्यतीत राहील की नाही, मला माहीत नाही, तिलाही नाही. पण परवा तिने उन्हाळी नोकरीसाठी फोन केला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. नाव सांगितलं, काय येतं ते सांगितलं, काय येत नाही तेही सांगितलं, किती तास जमेल ते सांगितलं, आणि समोरच्याने नाही म्हटल्यावर आभार मानून फोन ठेवला. मग पुढचा नंबर फिरवला.

कोणाला तिच्या पहिल्या अर्जाचा नमुना हवा असेल तर कळवा, नाव-पत्ता काढून पाठवते. आणि पुढच्या शर्यतीला या बघायला. धूळ भरपूर असते, मी बटाटेवडे आणते.