मांडीवरचे तरट

फणसाच्या लाकडाचा वास आणि जुन्या तरटाचा वास हे दोन्ही माझ्या स्मरणात इतके एकजीव झाले आहेत की, एकास वगळून दुसऱ्याची आठवण मला आजवर करता आलेली नाही. राजापूर तालुक्यातील आमच्या घराच्या माजघराचे दार वाळवीने पोखरले म्हणून आजोबांनी गावच्या सुतारास बोलावणे धाडले, ते वर्ष १९५३; मी तेव्हा सात वर्षांचा होतो, आणि सुटीसाठी वांद्र्याहून गेलेला मी पंधरा दिवस खळ्यातल्या मांडवाखाली बसून त्या माणसाचे हात आणि पाय पाहत होतो. पाय हा शब्द मी जाणून लिहितो. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून काम करी, आणि फळी आवळून धरण्याचे जे काम कारखान्यात लोखंडी वाइस करते ते त्याची पावले करीत. फळी उभ्या कडेवर टेकवून, एका पायाच्या अंगठ्याने ती दाबून धरून, त्या अंगठ्यापासून चार बोटांच्या अंतरावर तो वाकस उतरवी, आणि पिवळ्या ढलप्या उडून त्याच्या मांडीवर पडत.

त्या मांडीवर चौघडी केलेले तरट असे. त्याची दोन टोके सुंभाने कमरेला बांधलेली असत. वर अंग उघडे, खाली पंचा, आणि संरक्षणाची जी काही तजवीज ती एवढीच. छातीवर काही बांधत का नाही, असे मी विचारले तेव्हा त्याने हातातले काम थांबवून मला गंभीरपणे उत्तर दिले, "छातीला कशाला हवं, बाबू? हत्यार चुकलं तर मांडीत शिरतं." मग त्याने मला तरटावरचे व्रण दाखविले: पटाशी निसटून सुटलेले धागे, एका ठिकाणी वाकसाने पडलेली बोटभर चीर, आणि त्या चिरेवर आतून लावलेले ठिगळ. दिवेलागणीला तो ते तरट झटकी आणि आजी ढलप्या वेचून चुलीसाठी नेई.

वांद्र्याच्या ज्या शाळेत मी पुढे शिकलो तेथे सुतारकामाचा वर्ग होता. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे असा आग्रह धरला. त्या आग्रहाचा पडसाद आमच्या वर्गापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला हे सांगणे कठीण आहे, पण आमचे मास्तर मात्र लाकडाकडे शिक्षणाचे माध्यम म्हणूनच पाहत. येथे सगळेच निराळे होते. काम कमरेइतक्या उंच मेजावर उभ्याने करावयाचे, लाकूड वाइसमध्ये धरावयाचे, आणि अंगावर निळ्या ड्रिलचा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येणारा ॲप्रन चढवावयाचा. तोही नोंदवहीत सही करून घ्यावयाचा आणि तास संपल्यावर परत जमा करावयाचा. माणूस उभा राहिला की त्याचे पोट आणि छाती हत्याराच्या वाटेत येतात. बसला की मांड्या येतात. ॲप्रन हे वस्त्र मेजाबरोबर आले, ही गोष्ट मला तेव्हा उमगली नाही. ती उमगण्यास बरीच वर्षे जावी लागली.

ते ॲप्रन मोठ्या माणसांच्या मापाचे होते आणि त्यांच्या नाड्या फार लांब होत्या. आम्ही त्या कमरेभोवती दोनदा गुंडाळून पोटावर गाठ मारीत असू. १९६० साली, तिवईचा पाय कातताना, माझ्या नाडीचे लोंबते टोक फिरत्या लेथमध्ये सापडले. काय झाले ते कळण्यापूर्वीच मी ओढला गेलो, गळ्याचा पट्टा तुटला, आणि हनुवटी हत्यार टेकविण्याच्या लोखंडी पट्टीवर आदळली. मास्तरांनी धाव घेऊन बटण बंद केले म्हणून दोन टाक्यांवर निभावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री आणि फूटपट्टी घेऊन सगळ्या ॲप्रनांच्या नाड्या मोजून कापल्या, कमरेला एक वेढा आणि मागे गाठ, त्याउपर बोटभरही नाही. रागाचा एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. रक्षणासाठी घेतलेली वस्तू गाफीलपणे बांधली तर तीच घात करते, हे त्या कात्रीच्या आवाजाने मला जितके पटले तितके एखाद्या व्याख्यानाने पटले नसते.

त्यानंतर सदतीस वर्षे मी सचिवालयात, पुढे ज्याचे मंत्रालय झाले त्या इमारतीत, कारकुनी आणि मग वरच्या हुद्द्यावरची कलमबहादुरी केली. दप्तर, टिपण, मंजुरी, बदलीचे हुकूम ह्यांत लाकडास स्थान नव्हते. त्या काळातली ह्या विषयाशी निगडित अशी एकच आठवण आहे. आमच्या शाखेतील एका वयोवृद्ध पारशी सहकाऱ्यांनी एकदा दुपारच्या सुटीत फिर्दौसीच्या शाहनाम्यातील कावा लोहाराची कथा मला सांगितली. खांद्यांवर साप उगवलेल्या जुलमी जोहाकने त्या सापांच्या आहारासाठी काव्याची मुले एकामागून एक मारली, तेव्हा त्याने पुढ्यात बांधलेले चामडे सोडून भाल्याच्या टोकावर चढविले आणि लोकांना हाक दिली; फरिदूनने त्याच चामड्यास जडजवाहीर लावून त्याचे राजनिशाण केले, आणि कावियानी निशाण म्हणून ते इराणी साम्राज्याच्या अखेरपर्यंत मानले गेले. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. ठिणग्यांनी भोके पडलेल्या एका चामड्यास एवढा मान मिळावा, ह्या कल्पनेने मी त्या दिवशी चर्चगेटहून वांद्र्यापर्यंत अगदी भारावून गेलो होतो.

म्हणून २००४ साली निवृत्त होऊन, बाळासाहेब खेरांचे नाव धारण करणाऱ्या खेरनगरातील आमच्या घराच्या गॅलरीत मी मेज मांडले, तेव्हा ॲप्रन चामड्याचाच घ्यावयाचा हे मनाशी ठरून गेले होते. चामड्यासाठी वांद्रेकरास दूर जावे लागत नाही. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला हलला. तोपर्यंतची माझ्या लहानपणाची आणि तारुण्याची वर्षे त्या वासाच्या सोबतीत गेली आहेत, आणि खाडीपलीकडच्या धारावीत कातडी कमावणारांची वस्ती भरभराटली तीही त्याच शेजारामुळे. महाराष्ट्रातले ढोर आणि चांभार, तिरुनेलवेलीकडून आलेले तमिळ मुसलमान, अशा अनेकांच्या हातांनी तो धंदा उभा राहिला. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यात कातडे कमावण्याची आपल्याकडची जुनी रीत. तिची वर्णने ऐकली की मला त्या हातांविषयी आदर वाटतो, आणि ज्या समाजाने त्यांचे कसब वापरून त्यांनाच दूर बसविले त्याची लाज वाटते. धारावीत आता शिवणकाम अधिक, कमावणे फार थोडे. सायन–वांद्रे जोडरस्त्यावरच्या एका दुकानातून मी म्हशीच्या चामड्याचा ॲप्रन शिवून घेतला.

त्याचे गुण सांगितलेच पाहिजेत. पटाशीची मूठ पोटाशी टेकवून, अंगाचा भार देऊन, खाचेचा शेवटचा पापुद्रा काढताना चामडे जो भरवसा देते तो कोणतेही कापड देत नाही. आणि भुस्सा त्यावर ठरत नाही, ओल्या फडक्याने एकदा पुसले की झाले. परंतु गळ्यातल्या एकाच पट्ट्यावर सगळे ओझे आल्याने मान दुखू लागली, एप्रिलच्या घामाने आतली बाजू चिकचिकली, आणि श्रावणात एके सकाळी खिळ्यावरून काढावयास गेलो तो सगळ्या ॲप्रनवर हिरवट पांढरी बुरशी मखमलीसारखी पसरलेली. पुसली, ऊन दिले, तेल लावले. आठ दिवसांत ती पुन्हा आली. थंड, कोरड्या देशांत चामडे चालत असेल. खाडीच्या काठी, चार महिने भिंतींना पाणी सुटते अशा घरात, त्याचा निभाव लागत नाही.

तेव्हा मी कापडाकडे वळलो. मांजरपाट पातळ पडतो, ताडपत्रीत अंग उकडते, जीन बरी पण तिच्या शिवणी जाड होतात. अखेरीस खादीच्या दुकानातली जाड दोसुती पसंत केली. आटू नये म्हणून ती दोनदा भिजवून वाळविली. घरच्या यंत्रावर सौभाग्यवतीने ती शिवली, आणि माझ्या आराखड्यातल्या दोन चुकाही तिनेच काढल्या. पहिली खिशाची: छातीवरचा उघड्या तोंडाचा खिसा पेन्सिलीसाठी म्हणून मी काढला होता, पण तो तासाभरात रंध्याच्या सालपटांनी भरणार हे तिला कापड कापण्याआधीच दिसले, तिने त्यावर झाकण शिवले. दुसरी पट्ट्यांची: गळ्यात अडकविण्याऐवजी पट्टे पाठीवर फुलीसारखे ओलांडून खांद्यांवर घेतले की भार वाटला जातो. नाड्या मी स्वतः मोजून कापल्या.

दोसुती भुस्सा धरून ठेवते, हा तिचा दोष खरा. शिसवीचा बारीक भुस्सा मनगटावर खाज आणतो, आणि लाकडाच्या भुश्श्याचा दीर्घ सहवास कर्करोगास कारण होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे. ॲप्रन गॅलरीतच काढावयाचा, झटकावयाचा नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून सरळ बादलीत टाकावयाचा, असा आमच्या घराचा शिरस्ता आहे. ॲप्रन मला वाचवितो. घरात शिरणाऱ्या भुश्श्यापासून सौभाग्यवतीच्या छातीस कोण वाचविणार?

बुरशी लागलेला ॲप्रन टाकवेना. त्याचा पोटापासून मांड्यांपर्यंतचा धड राहिलेला भाग कापून, दोसुतीच्या ॲप्रनवर बसवून घेण्यासाठी, मी वांद्रे स्थानकाबाहेर बसणाऱ्या चांभाराकडे नेला. त्याने दोसुती आणि चामडे दोन्ही बोटांत चोळून पाहिले, रापीने चामड्याच्या कडा तासून पातळ केल्या, आणि आरीने भोके पाडीत मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाका घातला. "काका, हा तुकडा सोडवून धुता येईल असा हवा का कायमचा?" असे त्याने विचारले, तेव्हा ती सोय मला सुचली नव्हती हे मी कबूल केले. वरची कड त्याने बटणांवर बसवून दिली आणि बाजूंना मोजके टाके घातले.

पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा माजघराचे दार खालच्या कडेस फुगून उंबऱ्याला घासत होते. ते बिजागऱ्यांवरून उतरविले; मेज नव्हते, वाइस नव्हता. खळ्यात जमिनीवर बसून मी दार कडेवर धरले, तसा ॲप्रन पोटाशी चुरगळून हनुवटीपर्यंत वर आला आणि मांड्या उघड्या पडल्या. मी खांद्यांवरचे पट्टे काढले, दोसुतीची चौघडी केली, चामड्याची बाजू वर घेऊन ती मांडीवर पसरली आणि नाड्या कमरेला बांधल्या. दाराची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरून रंधा फिरविला. अर्ध्या शतकात काळवंडलेल्या त्या फळीतून दुसऱ्याच हाताला निघालेले साल पिवळेधमक होते. ते वळून माझ्या मांडीवर पडले.