चाकांवरचे घर आखताना

मुरूडहून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरला जायचे म्हटले, की रस्ता तीनदा खाडीपाशी संपतो. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी आणि दाभोळहून धोपावे. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे पुन्हा रस्त्याला लागायचे. तरुणांना ही मौज वाटते. पण ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी हा प्रवास म्हणजे एकच काळजी असते : वाटेत संडास कुठे मिळेल? आमच्या अम्मी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नसत. पुढे पुढे त्यांनी प्रवासच सोडला. गुहागरजवळ राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीची, आमच्या खालांची, भेट चार वर्षे फक्त फोनवर होत होती.

म्हणून आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात राहण्याची सोय करायचे ठरवले. सुताराला बोलावण्याआधी आम्ही आरटीओत गेलो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. परवानगी लागते आणि बदलाची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळू नये. उद्या अपघात झाला तर विम्याचा प्रश्न इथेच अडतो.

मग आखणी. ड्रायव्हरच्या मागे आतली लांबी साडेदहा फूट, रुंदी पाच फूट आठ इंच आणि उंची सहा फूट एक इंच भरली. हा चौकोन आम्ही घराच्या गच्चीवर खडूने खऱ्या मापात काढला. पलंगाच्या जागी चटई, ओट्याच्या जागी पाट ठेवला आणि त्या रेघांच्या आत आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी आणि अम्मी अशी चार माणसे वावरून पाहिली. कागदावर सगळे मावते. खडूच्या रेघांत कोपर कुठे लागते ते लगेच कळते.

पहिले माप अम्मींचे घेतले. खुर्चीवरून त्या आधाराशिवाय उठू शकतात ती उंची अठरा इंच निघाली. त्यांच्या बिछान्याची उंची तीच ठरली. ड्रायव्हरमागची दोन माणसांची मूळ सीट बेल्टसकट जागेवरच ठेवली, कारण चालत्या गाडीत आडव्या बाकावर बसणे धोक्याचे. रात्री तिची पाठ मागे आडवी होते, तिला चार फुटांची घडीची फळी जोडली जाते आणि साडेसहा फुटांचा पलंग तयार होतो. सगळ्यात मागे, गाडीच्या रुंदीत, आम्हा दोघांचा चार फुटी पलंग. मुलीसाठी रात्री पुढच्या दोन सीटांवर फळी टाकतो.

मधली जागा मात्र मोकळी ठेवायची यावर आम्ही ठाम होतो. घरात किब्ल्याची दिशा एकदा ठरली की ठरली. गाडी मात्र प्रत्येक मुक्कामी वेगळ्या तोंडाने उभी राहते. लांबट बोळासारखी जागा ठेवली असती तर जानमाज एकाच दिशेने पसरता आली असती. म्हणून दिवसा चार फूट बाय चार फूट दोन इंच असा जवळजवळ चौरस मोकळा राहील अशी मांडणी केली. पाऊस कोसळत असताना याच चौरसात नमाज, जेवण आणि मुलीचा अभ्यास होतो.

संडासाची पेटी इथे ठेवणे आम्हाला पटेना. ती डाव्या बाजूच्या दारापाशी ठेवली. रात्री दार बंद करून पायरीच्या खळग्यावर फळी टाकायची आणि पडदा ओढायचा. ओट्याच्या बाजूने छतापर्यंत उभी फळी आहे. अम्मींच्या बिछान्यापासून हे अंतर दोन पावले, आणि धरायला दांडी.

ओटा दारामागे डाव्या बाजूला, दीड फूट रुंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून ओट्याखाली जमिनीलगत जाळी ठेवली, आणि शेगडी शक्यतो गाडीबाहेरच पेटवतो. ओट्याचा भार डावीकडे, म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी उजवीकडे, मागच्या पलंगाखाली. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. ते खालीच हवे. वुजूसाठी टोटीचा बदना ठेवला. नळ सोडला की पाणी किती जाते ते कळत नाही, बदन्यात कळते.

12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1280 वॉट-तास. पंचवीस वॉटचा पंखा दहा तास, दिवे आणि फोन धरून आमचा रोजचा खर्च साडेतीनशेच्या आसपास. तीन दिवस निघतात. फ्रीज घेतलाच नाही. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव होतो, तिथे ताजी सुरमई मिळत असताना शिळी साठवायची कशाला?

बोटीच्या उतारावर गाडी नाक वर करून चढते, तेव्हा प्रत्येक कप्प्याची परीक्षा होते. म्हणून सगळ्या दारांना कड्या आहेत. गाद्यांखाली पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवली आहे, नाहीतर कोकणची दमट हवा महिनाभरात बुरशी आणते.

पहिल्या प्रवासात केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्याजवळ थांबलो, दुसऱ्या दिवशी दाभोळची आदिलशाही मशीद पाहिली. वेसवीला उतरल्यावर अम्मींनी स्वतःहून पाणी मागितले, वर चहाही. आखणी जमल्याची पावती आम्हाला तिथे मिळाली.

घरात म्हातारे माणूस असेल तर वाचकांनी एवढे करावे : पलंग, कपाट, ओटा यांची मापे मागाहून घ्यावीत, आधी त्या माणसाचे गुडघे मोजावेत. गाडी असो की फ्लॅट, हिशेब तोच.

खाला गाडीत चढल्या, बिछान्यावर बसून पाहिल्या आणि म्हणाल्या, "परतीला मीही येते." बेल्ट चारच, माणसे पाच. आमच्यापैकी एक जण एसटीने परतला.